एका पोटाची कुलपं

लोणावळ्याच्या बाजारात कुठेही चोरी झाली की वाहिद कुलूपवाला हातातली कानस टाकून धावत सुटायचा. ज्याची चोरी झाली तो डोक्याला हात लावून बसलेला, बायकांनी गळा काढलेला, आणि हा पठ्ठ्या गर्दीत घुसून विचारणार, "कुलूप फोडलंय का उघडलंय?" फोडलंय, कोयंड्यासकट उपटलंय असं कुणी म्हणालं की याचा चेहरा असा उजळायचा की घरधन्याला वाटावं, दोन ठेवून द्याव्यात. एकदा दिल्याही होत्या. भांगरवाडीच्या एका म्हाताऱ्याचं तांब्याचं घंगाळ गेलं तेव्हा वाहिद मोडकं कुलूप हातात घेऊन "अल्लाची मेहेर" म्हणाला, आणि म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलाने त्याच्या कानाखाली जाळ काढला. तरी हा गाल चोळत हसतच परत आला.

मी त्याच्या दुकानासमोर शिलाईचं मशीन घेऊन बसायचो. माझं नाव गेणू, धंदा शिंप्याचा. शिंप्याला दोनच कामं, पाय हलवायचे आणि समोर बघायचं. त्यामुळे तीस वर्षं मी वाहिदला बघितला आणि खरं सांगतो, त्याने माझं डोकं उठवलं. हा माणूस एका जागी बसला तर शपथ. कुलपावर दोन कानशी मारणार की उठून दारात. दारातून रस्त्यावर. येणाऱ्याजाणाऱ्याच्या कमरेची किल्ली बघणार, बंद दुकानाचं कुलूप ओढून बघणार, परत येणार. मी म्हणायचो, "अरे वाहिद, बूड टेकव जरा. तुझ्या पायाला भिंगरी लागलीय, ती बघून माझी शिवण वाकडी जाते." तो म्हणायचा, "बसतो गेणूभाऊ, बसतो," आणि बोलता बोलता निघालेला असायचा.

तो तळेगावहून आला तेव्हा आम्ही दोघेही कोवळे होतो. त्याचा बाप तळेगावच्या बाजारात कुलपं दुरुस्त करायचा, त्याच्याकडूनच हा शिकला. आमच्या गावाला तेव्हा कुलूप फारसं माहीत नव्हतं. कोयंड्यात काडी खोचली की दार बंद. काडी म्हणजे घरात कुणी नाही एवढाच निरोप. चोऱ्या होत नव्हत्या असं नाही, पण चोर ओळखीचे आणि चोऱ्याही ओळखीच्या. कोंबडी जायची, परसातल्या काकड्या जायच्या, विहिरीवर विसरलेला तांब्या जायचा. कोंबडी गेली की रश्श्याचा वास कुठून येतो ते बघायचं, तपास संपला. मग धरणाचं काम निघालं. डोंगर फोडायला मुलखामुलखाची माणसं आली, हातात रोजचा पैसा खेळायला लागला, मुंबईच्या शेटलोकांचे बंगले उठले. बाजार फुगला तशी चोरीही वयात आली. काडीवर कुणाचा भरवसा राहिला नाही आणि वाहिदचं दुकान चालायला लागलं.

तेवढ्यात प्लेग आला. पहिली लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडून माळावर खोपटं घालून राहायचं, ही तेव्हाची रीत. अख्खा बाजार दारं लावून माळावर गेला आणि रिकाम्या बाजारात चोरांनी दिवसाढवळ्या हात मारला. मेलेल्या माणसाच्या घरातलीसुद्धा भांडी नेली मेल्यांनी. मग जो तो वाहिदकडे. मला कुलूप दे, आज दे, आत्ता दे. वाहिद तेव्हा पोरसवदा, नुकतं लग्न झालेलं, घरात मेहरुन आलेली. नाही म्हणणं त्याच्या जिभेला येतच नव्हतं. प्रत्येकाला म्हणाला, होईल की, परवा घेऊन जा. आणि खरोखर दिली त्याने सगळ्यांना. गावाने त्याला डोक्यावर घेतलं.

आता पुढची गोष्ट मला कितीतरी वर्षांनी कळली, पण आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तो असा का वागायचा हे तुम्हाला कळायचं नाही. कुलपाच्या पोटात पट्ट्या असतात. किल्लीच्या दातांनी त्या नेमक्या उचलल्या की कडी सुटते. प्रत्येक कुलपाच्या पट्ट्या वेगळ्या घासायच्या, ही या धंद्याची पहिली अक्कल. वाहिदने त्या घाईत तीनच नमुने घासले आणि तेच सगळ्या कुलपांत बसवले. किल्ल्यांची डोकी मात्र तऱ्हातऱ्हांची केली. कुणाच्या किल्लीला पान, कुणाच्या मासा, कुणाच्या चांद. दिसायला प्रत्येक किल्ली वेगळी, पण अर्धा बाजार एकमेकांची दारं उघडू शकत होता आणि हे एकट्या वाहिदला ठाऊक होतं. त्याने ठरवलं होतं, साथ सरली की एकेक कुलूप परत घेऊन पट्ट्या बदलायच्या.

साथ सरली. हा दारोदार फिरू लागला, "कुलूप द्या, तेल घालून देतो, फुकट." लोक म्हणायचे, "अरे, लोण्यासारखं चाललंय. कशाला हात लावतोस?" फार मागे लागला तर म्हणायचे, हा फुकट का देतोय, याच्या मनात काय आहे? थोडी कुलपं मिळाली, ती त्याने बदलली. बाकीची तशीच लटकत राहिली. वाईट केली असती तर मोडून तरी पडली असती! पण हाताला चव होती, काय करणार. सांगून टाकावं तर गावाने पायताणाने पूजा केली असती, आणि गावाला सांगितलं की ते चोरालाही कळणार. म्हणून हा चोरी झाली की पळत जायचा. कुलूप फोडलेलं असलं की त्याच्या जिवातला जीव परत यायचा. फोडलंय, म्हणजे चोराला अजून ठाऊक नाही.

दिवस जात होते तसे चोर बदलत होते. मधली काही वर्षं सगळा डोळा कोळशावर होता. घाट चढायला उभ्या राहणाऱ्या इंजिनांचा कोळसा पाटीपाटीने गावात यायचा, आणि थंडीत कुणाच्या शेगडीत काय जळतंय हे कुणी कुणाला विचारायचं नाही. मग विजेची गाडी आली आणि कोळसाच संपला. चोरांचं पोट बंगल्यांवर आलं. पावसाळ्यात शेटलोक मुंबईला गेले की बंगल्यांचे पितळी नळ जायचे, बिजागऱ्या जायच्या, पडदे जायचे. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ मखमलीचं कापड घेऊन बंडी शिवायला आला होता, कापडाला वर पडद्याच्या कड्या तशाच. मी म्हणालो, कड्या ठेवू का काढू? पुढे विजेचे दिवे आले तर चोर ते दिवेही काढून न्यायला लागले. घरी वीज नाही आणि दिवा चोरतो, याला काय म्हणावं! या सगळ्या वर्षांत वाहिद धावतच होता. दाढी पांढरी झाली, गुडघे दुखायला लागले, तरी गलका ऐकला की कानस खाली आणि हा रस्त्यावर.

दुसरी लढाई आली आणि चोरीचं रूपच पालटलं. साखर, रॉकेल, कापड, सायकलीचे टायर. पूर्वी ज्याला कुणी हात लावत नव्हतं त्याला सोन्याचा भाव. रेशनच्या रांगेत उभं राहून माणसं किडकी ज्वारी आणत होती. माझ्याकडे तर कापडच येईना, जुने कोट उलटे करून शिवायचे एवढाच धंदा उरला. अशात एका सकाळी हौशीरामशेठच्या कोठारातून साखरेची पोती, रॉकेलचे डबे आणि कापडाची ठाणं गेली.

हौशीरामशेठचं किराणाचं दुकान बाजारात सगळ्यांत मोठं, कोठार मागच्या बोळात. वाहिद नेहमीप्रमाणे पोचला. मीही मशीन सोडून गेलो, कारण कापड गेलं म्हणजे ते आमच्याही पोटावर. वाहिदने विचारलं, "फोडलंय का उघडलंय?"

शेठ म्हणाला, "उघडलंय. आणि परत लावलंय. बघ, जसंच्या तसं आहे. या कुलपाला किल्ल्या दोनच. एक माझ्या करदोट्याला, दुसरी झुंबरबाईच्या कमरेला. आता तूच सांग."

वाहिदचं तोंड पिठासारखं झालं. ते कुलूप प्लेगच्या सालातलं होतं.

झुंबरबाई म्हणजे कोठार झाडणारी विधवा बाई. सकाळी उघडायची, झाडायची, लावायची. हे काम ती कैक वर्षं करत होती आणि मूठभर दाण्याचा आळ तिच्यावर कधी आला नव्हता. जमादार आला आणि तिला भिंतीपाशी उभं केलं. ती घाबरली नव्हती, चिडली होती. "माज्या घरात जाऊन हुडका," ती म्हणाली, "साखर न्हाई, साखरंची मुंगी जरी घावली तरी मला बेड्या घाला. पोती का मी पदरात बांधून न्हेली?"

जमादार म्हणाला, "तू नेली नाहीस तर दार उघडून दिलंस. दुपारच्या गाडीने वडगावच्या कचेरीत चल. तिथे सांग काय ते." त्याचंही चूक नव्हतं. दोन किल्ल्या, शेठ काही आपल्याच कोठारात चोरी करणार नाही, मग उरलं कोण? सगळ्या बाजाराने मान डोलावली. मीही डोलावली.

वाहिद माझ्या मागोमाग दुकानात आला. कापडाच्या घडीवर बसला, उठला, परत बसला. आणि मग पंचवीस वर्षं गिळून ठेवलेलं सगळं त्याने माझ्यासमोर ओकलं. तीन नमुने, डोक्यांची पानं आणि मासे, फुकटचं तेल, सगळं. शेवटी म्हणाला, "गेणूभाऊ, मी बोललो तर मी मेलो. न्हाई बोललो तर ती मेली."

मी म्हणालो, "थांब जरा, विचार करू." दुसरं काय सुचणार होतं मला? माझ्या घराच्या दारालाही त्याचंच कुलूप होतं. ऐकता ऐकता माझा हात कमरेच्या किल्लीवर गेला होता आणि रागही आला होता. इतकी वर्षं समोर बसून हा माणूस माझ्या दाराचं असं करून बसलाय! एक सणसणीत शिवी ओठावर आली, पण त्याचे डोळे बघून ती परत गेली.

मेहरुन तेवढ्यात त्यांच्या दुकानाच्या पडद्याआडून बाहेर आली. सहसा ती बाजारात येत नसे. रस्ता ओलांडून माझ्या उंबऱ्याशी उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "विचार काय करताय? जावा. लगीन झाल्यापासून घरात तुमच्या येरझाऱ्या ऐकतेय. ते पाय ऐकून ऐकून मी म्हातारी झाले. आता त्याच पायांनी तितं जावा."

तो गेला. मी त्याच्या मागे. बोळात गर्दी तशीच होती, झुंबरबाईचं गाठोडं बांधून झालं होतं. वाहिद जमादारासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, हे कुलूप माझं आहे. हे दोन किल्ल्यांचं नाही. बाजारातल्या कितीतरी घरांच्या किल्ल्या याला लागतात. चूक माझी आहे." आवाज फाटलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

हौशीरामशेठ हसला. "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

"कुणीतरी किल्ली द्या," वाहिद गर्दीकडे वळून म्हणाला. "कुणीबी. मी दाखवतो." पण कोण देतो? जो तो आपली किल्ली मुठीत धरून मागे सरकला. हा मात्र एकेकापुढे हात पसरत चालला होता, मागतकऱ्यासारखा. माझ्यापुढे आला तेव्हा माझा हात उचललाच गेला नाही, देव मला माफ करो. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कस्तुराबाई पुढे आली. ती झुंबरबाईची शेजारीण, भाजी विकायची. तिने कमरेच्या कनवटीतून किल्ली काढली, वाहिदच्या हातात न देता स्वतःच जाऊन कुलपात घातली आणि फिरवली. कुलूप सुटलं. मग विठाबाई आली, तिच्याही किल्लीने सुटलं. तिसरीच्या नाही सुटलं, तेव्हा वाहिद म्हणाला, "ती दुसऱ्या नमुन्याची हाय."

बोळात एकदम गलका झाला. बाप्ये माणसं आपापल्या घराकडे पळाली, जणू आत्ताच चोर शिरलेत. बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मीही पळालो.

झुंबरबाई सुटली. जमादाराने वाहिदला चार शब्द सुनावले आणि गाठोडं सोडायला लावलं, कारण इतक्या किल्ल्यांतून एक बाई कशी धरणार? हौशीरामशेठनेही पुढे तक्रारीचा फार नेट लावला नाही. महिन्याभरात त्याच्या मेव्हण्याकडे दुप्पट भावाने साखर मिळायला लागली. ती कुठून आली हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगणार नाही. पूर्वी रश्श्याच्या वासावरून चोर सापडायचा. आता चोर स्वतःच फिर्याद देत होता, त्याला वास कसला येणार.

पण वाहिदची सुटका नव्हती. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बाप्ये जमले. एकेक जण तोंड टाकत होता. इतकी वर्षं आमच्या घरादाराशी खेळलास, आमच्या बायकापोरींची झोपायची दारं अशी उघडी ठेवलीस. त्यांत अंबाजी टांगेवाला सगळ्यांत मोठ्याने बोलत होता, तोंडाला फेस आला होता त्याच्या. अलीगढची कुलपं आणावीत तर लढाईमुळे पुण्यातही मिळेनात. शेवटी ठरलं की वाहिदनेच प्रत्येकाला नवं कुलूप करून द्यायचं, प्रत्येकाचं पोट वेगळं. यापुढे दोन कुलपं एका पोटाची निघाली तर त्याने त्याच दिवशी बायकोसकट गाव सोडायचं. वाहिदने कुराणावर हात ठेवून कबूल केलं. मला वाटलं, संपलं एकदाचं. आता तरी हा माणूस स्वस्थ बसेल.

घरी आलो तर शालू, माझी बायको, भाकरी थापत होती. मी आल्या आल्या सुरू झालो. वाहिदने असं केलं, तसं केलं, आपल्या दाराला म्हणे विठाबाईचीही किल्ली लागते. ती म्हणाली, "व्हय, लागती. आन कस्तुराबाईची बी."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? झुंबरमावशीची किल्ली नदीवर धुणं धुताना गेली, तवापासनं ठावं हाय. तिनं कस्तुराबाईची लावून बघितली, लागली. मग आमी समद्यांनी बघितल्या. ह्याला लय वर्सं झाली."

मी पाटावर बसलोच. "सगळ्या बायकांना ठाऊक होतं?"

"समद्या गल्लीला. तुमालाच न्हाई." ती शांतपणे भाकरी उलटत होती. "पावसाचं वाळवण कोन आत घ्यायचं? मी म्हायेरी गेले की तुमच्या मांजराला दूध कोन घालायचं? मांजर काय आपल्या हातानं घेतंया वाटतं?"

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी कुलूप बदललं असतं."

ते खरं होतं. पण राग गेला नव्हता. मी म्हणालो, मांजराच्या दुधासाठी अख्ख्या गावाचं घर उघडं ठेवायचं का? तेव्हा तिने हात धुतले, माझ्यासमोर येऊन बसली आणि हळू आवाजात सांगितलं. अंबाजी टांगेवाला गाड्यांच्या वेळेला स्टेशनवर जाताना बायकोला, मुक्ताबाईला, घरात कोंडून बाहेरून कुलूप लावतो. पिऊन आला तर यायला दुसरा दिवस उजाडतो. कधी मारून कोंडतो. तो गेला की कुणीतरी जाऊन दार उघडते, तिला खायला घालते, अंगाला हळद लावते, आणि टांग्याची घंटा ऐकू आली की परत कुलूप लावते. इतकी वर्षं त्याला पत्ता लागला नव्हता. "आता लागंल," शालू म्हणाली. "आज पारावर तोच लय वरडत हुता ना?"

मुक्ताबाई बाजारात कधी दिसत नाही, याकडे माझं कसं लक्ष गेलं नाही याचा मला अजून राग येतो. समोर बघणं हा माझा धंदा म्हणवतो मी.

वाहिद कामाला लागला. भट्टी पेटली, कानस चालू झाली, आणि यावेळी खरंच एकेका कुलपाचं पोट तो वेगळं घासत होता. प्रत्येक किल्ली आधीच्या सगळ्या कुलपांत घालून बघायचा, लागत नाही ना. जुनं कुलूप द्यायचं, नवं घ्यायचं, अशी रांग लागली होती. घेणारा त्याच्याशी धड बोलतही नव्हता. किल्ली हातात घ्यायचा, शेजाऱ्याच्या कुलपात घालून तपासायचा आणि चालता व्हायचा. हा मान खाली घालून पुढचं उचलायचा. तीस वर्षांत पहिल्यांदा तो एका जागी बसलेला दिसत होता, पण ते बसणं बघवत नव्हतं. आता माझेच पाय चालेनात. मशीन थांबवून मी दारात जाऊन उभा राहायचो, परत यायचो.

अंबाजीची पाळी एका सकाळी यायची होती. आदल्या दुपारी, बाजार पेंगत असताना, बायका वाहिदच्या दुकानात आल्या. झुंबरबाई, कस्तुराबाई, विठाबाई आणि आमची शालू. माझ्याकडे शालूने एकदा बघितलं. मी मशीनवर मान घातली आणि पाय थांबवले, म्हणजे ऐकू यावं.

झुंबरबाई बोलली. "वाहिदभाऊ, माज्यापायी तू तुजी आबरू घालवलीस. ते मी मरस्तोवर इसरायची न्हाई. पन आता आनिक येक मागाया आले." आणि तिने मुक्ताबाईचं सगळं सांगितलं. "अंबाजीच्या कुलपाची येक किल्ली आमाला कर. त्याला दोन दे, आमाला येक."

वाहिद उठून उभा राहिला. "मावशी, कुराणावर हात ठेवलाय मी."

"ठावं हाय."

"दोन कुलपं एका पोटाची करायची न्हाईत, अशी शपथ हाय."

कस्तुराबाई म्हणाली, "दोन कुलपं कुटं म्हनतोय आमी? कुलूप येकच. किल्ली तेवडी जास्त." या बाईने वकिली केली असती तर वडगावची कचेरी गाजली असती. पण वाहिद लहान पोर नव्हता. शब्दांतून वाट काढून देवाला फसवता येत नाही आणि गावालाही नाही, हे त्याला कळत होतं. अंबाजीला जरा संशय आला तरी या वयात दुकान, घर, सगळं सोडून जायचं होतं. तो दुकानात चकरा मारू लागला. चार पावलांचं दुकान. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आतून मेहरुन म्हणाली, "ती पोरगी आता आत हाय का?"

"सकाळच्या गाडीपासनं," शालू म्हणाली. "पान्याचा हंडा भाईर राह्यलाय तिचा."

वाहिद थांबला. बायकांकडे न बघता त्याने ओट्यावरून लोखंडाची पट्टी उचलली आणि भात्याची दोरी ओढली. बायका निघून गेल्या. तो त्या दिवशी जेवायलाही आत गेला नाही.

सकाळी अंबाजी आला. टांगा रस्त्यात उभा करून, चाबूक हातात घेऊनच दुकानात शिरला. कुलूप हातात घेतलं, लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. ओट्यावर पडलेल्या दुसऱ्या किल्ल्या एकेक घालून बघितल्या. एकही लागली नाही. दोन किल्ल्या त्याने खिशात टाकल्या आणि वाहिदच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "आता खरं बोल म्हाताऱ्या. ह्या दोन सोडून तिसरी किल्ली हाय का कुटं?"

मी मशीन थांबवलं. वाहिद बसलेलाच होता. त्याने मान वर केली आणि अंबाजीच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "न्हाई, अंबाजीभाऊ. अल्लाशपथ न्हाई."

इतकी वर्षं ज्याला एक गोष्ट लपवून स्वस्थ बसता आलं नाही, तो माणूस धडधडीत खोटं बोलला आणि पुढचं कुलूप मांडीवर घेऊन घासायला लागला. अंबाजी टांगा घेऊन स्टेशनकडे गेला. थोड्या वेळाने शालू पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन माझ्या दुकानावरून त्याच्या गल्लीकडे वळली. तिच्या कमरेला नवी किल्ली होती.